डेव्हिड स्ट्रॅथचा नकार

डेव्हिड स्ट्रॅथ हा स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूजचा धंदेवाईक गोल्फपटु. १८७० व १८७२ सालीं खुल्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत तो दुसरा आला. दोन्ही वेळां त्याच्या पुढें गेला तो त्याचाच मित्र, धाकटा टॉम मॉरिस. हा टॉम १८७५ च्या नाताळांत वारला.

पुढल्या वर्षीं सेंट अँड्र्यूज येथें स्ट्रॅथ व बॉब मार्टिन १७६ फटक्यांवर बरोबरीस आले. परंतु पुढची मंडळी सतराव्या खळग्यापासून दूर होण्यापूर्वींच स्ट्रॅथनें चेंडू मारला, तो एकास लागून थांबला, अशी तक्रार झाली. पंचमंडळानें फर्माविलें कीं, तक्रारीचा निकाल मागाहून. तूर्त फेरसामना खेळा. तक्रार पुढें खरी ठरली तर त्या खेळण्यास अर्थ काय, हा स्ट्रॅथचा सवाल. तो उतरलाच नाहीं. मार्टिन एकटा मैदान फिरून आला आणि विजयी ठरला.

वर्गांतले तंटे तोडण्यांत माझीं कैक वर्षें गेलीं. मला तरी स्ट्रॅथचें म्हणणें रास्त वाटतें. हट्टी म्हणा हवें तर.

नंतर तो नॉर्थ बेरविक येथें मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होता. क्षयानें ग्रासल्यावर हवापालटासाठीं तो ऑस्ट्रेलियास निघाला, आणि १८७९ सालीं मेलबोर्न येथें वारला. तेव्हां त्यानें तिशी ओलांडली नव्हती.