स्तनांचा भार हलका करताना : शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर

रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००८ मध्ये फ्रेंच ओपन स्पर्धेत मुलींच्या गटाचे विजेतेपद पटकावले, तेव्हाच तिच्या गुणवत्तेविषयी शंका उरली नव्हती. अडचण वेगळीच होती. मोठ्या स्तनांच्या भारामुळे कोर्टवर झटपट हालचाल करणे तिला जड जात होते. २००९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने स्तनांचा आकार कमी करणारी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती गोष्ट लपवूनही ठेवली नाही. पुढे २०१७ मध्ये ती जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानी पोहोचली. २०१८ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन तिने जिंकले. या यशाचे श्रेय शस्त्रक्रियेला देणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी केली जाते, हा समज खोडून काढण्यास तिचे उदाहरण पुरेसे आहे.

आपल्याकडे या त्रासाविषयी घरातही फारसे बोलले जात नाही. शाळेत पीटीच्या तासाला काहीतरी कारण सांगून बाकावर बसून राहणारी मुलगी, खांदे पुढे झुकवून आणि ओढणी सावरत चालणारी तरुणी, मान आखडली म्हणून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणारी गृहिणी या तिघींचे दुखणे अनेकदा एकच असते. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर पडलेल्या खोल खाचा, पाठीचा वरचा भाग सतत भरून येणे, स्तनांखालच्या घडीत घाम साचून होणारे पुरळ आणि बुरशीचा संसर्ग ही त्याची ठळक लक्षणे होत. उन्हाळ्यात आणि पावसाळी दमट हवेत हा संसर्ग पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. पाठीसाठी एक डॉक्टर, त्वचेसाठी दुसरे, अशा फेऱ्या होतात. मात्र मूळ कारणाचा उल्लेख ना रुग्ण करते, ना तिला कोणी विचारते.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

केवळ आकार मोठा आहे म्हणून कोणी लगेच शस्त्रक्रियेचा सल्ला देत नाही. योग्य मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा, पाठीचे व्यायाम, फिजिओथेरपी आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे हे उपाय आधी करून पाहिले जातात. वजन उतरले की काही स्त्रियांचे स्तनही लहान होतात. ज्यांच्या स्तनांत चरबीपेक्षा ग्रंथींचा भाग अधिक असतो, त्यांना मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेने २०१८ मध्ये यासाठी निकष ठरवले. त्यांनुसार प्रत्येक बाजूने किमान ५०० ग्रॅम ऊती किंवा ब्राच्या चार कप मापांइतका आकार कमी करावा लागणार असेल आणि शरीराच्या वजन-उंचीचा निर्देशांक वर्षभर २७ च्या खाली स्थिर असेल, तरच सरकारी खर्चाने शस्त्रक्रिया होते. हे निकष भारतात लागू नाहीत. परंतु डॉक्टर कोणत्या गोष्टी तपासतात, याची कल्पना त्यांवरून येते.

मुलींच्या बाबतीत स्तनांची वाढ थांबली आहे का, हे पाहणे महत्त्वाचे असते. वाढ चालू असताना शस्त्रक्रिया केली तर काही वर्षांनी ती पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते. बाळंतपणानंतर अंगावरचे दूध थांबून किमान सहा महिने झालेले असावेत, असा संकेत आहे. वजन वाढणे, गरोदरपण किंवा रजोनिवृत्ती यांमुळे शस्त्रक्रियेनंतरही आकार बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

दूध पाजता येईल का?

अविवाहित किंवा मूल न झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने सर्वांत कळीचा प्रश्न हाच. गंमत अशी, की पहिल्या भेटीत तो विचारण्याचा संकोच तिलाच वाटतो, आणि सोबत आलेली आई किंवा सासू नेमका तोच प्रश्न मनात घेऊन बसलेली असते. याचे प्रामाणिक उत्तर असे, की अनेक स्त्रियांना या शस्त्रक्रियेनंतरही स्तनपान करता येते, पण त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. शस्त्रक्रियेत दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचा काही भाग काढला जातो आणि काही दुग्धनलिका तुटतात. स्तनाग्राखालचा ऊतींचा स्तंभ अखंड ठेवला, तर दूध येण्याची शक्यता बरीच टिकते. तो पूर्णपणे तोडला, तर ती जवळजवळ संपते. काहींना दूध येते, पण ते बाळाला पुरत नाही आणि वरचे दूध द्यावे लागते. वर उल्लेखिलेल्या इंग्लंडच्या निकषांतही, या शस्त्रक्रियेमुळे दूध कायमचे बंद होऊ शकते हे स्त्रीला आधी सांगितलेच पाहिजे, अशी अट आहे.

म्हणून मूल होण्यापूर्वी शस्त्रक्रिया करावी की नंतर, याचे एकच एक उत्तर नाही. त्रास सोसवत नसेल तर पुढची दहा वर्षे थांबण्यास सांगणे अन्यायाचे आहे. त्रास आटोक्यात असेल आणि वर्ष-दोन वर्षांत मूल हवे असेल तर थांबण्यात शहाणपण आहे. निर्णय त्या स्त्रीचा असावा आणि पूर्ण माहितीनंतरचा असावा. भविष्यात स्तनपान करण्याची इच्छा असल्यास तसे सर्जनला स्पष्ट सांगावे. त्यानुसार पद्धत निवडता येते.

स्तनाग्राच्या संवेदनेचेही असेच. सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने तेथे बधिरपणा जाणवतो. बहुतेकींची संवेदना हळूहळू परत येते, काहींची कायमची कमी होते. फार मोठ्या स्तनांच्या बाबतीत कधी कधी स्तनाग्र पूर्णपणे वेगळे काढून नव्या जागी त्वचारोपणासारखे बसवावे लागते. अशा वेळी नैसर्गिक संवेदना आणि स्तनपान या दोन्हींवर पाणी सोडावे लागते.

पूर्वतयारी

रक्त-लघवीच्या चाचण्या, साखर, रक्तदाब, छातीचा एक्स-रे आणि वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी हे सारे आधी होते. आपल्याकडे हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्यावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. शस्त्रक्रियेत रक्तस्राव होतो आणि जखम भरण्यासाठीही रक्त चांगले असावे लागते. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असल्यास आधी ते वाढवून मगच तारीख घेणे श्रेयस्कर.

धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद करावे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्वचेचा किंवा स्तनाग्राचा भाग मृत होण्याचा धोका वाढतो. मशेरी आणि तंबाखूतही निकोटिन असते, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. कारण 'मी सिगारेट ओढत नाही' असे सांगणाऱ्या अनेकींना मशेरीची आठवणच होत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या आणि आयुर्वेदिक काढे यांचीही माहिती डॉक्टरांना द्यावी. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का, याची खात्री करून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. 'कॉस्मेटिक' या शब्दाची पाटी म्हणजे पदवी नव्हे. मुंबईतील केईएम, शीव, नायर आणि जे.जे. या रुग्णालयांत तसेच पुण्याच्या ससूनमध्ये प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत.

खर्चाच्या बाबतीत विम्याचा प्रश्न आधीच सोडवावा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या शब्दरचनेनुसार रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यातून वगळली जाते. मात्र आरोग्याला असलेला थेट धोका दूर करण्यासाठी ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले, तर तिला अपवाद आहे. त्यामुळे पाठदुखीचे जुने कागद, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीची बिले जपून ठेवावीत आणि शस्त्रक्रियेपूर्वीच कंपनीकडून लेखी मंजुरी घ्यावी. दावा मंजूर होईलच असे नाही. कागद नसतील तर नामंजूर होण्याचीच शक्यता अधिक.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया

रुग्णाला उभे करून पेनाने खुणा केल्या जातात. कारण आडवे झाल्यावर स्तनांचा खरा आकार कळत नाही. त्यानंतर पूर्ण भूल देऊन साधारण दोन ते चार तासांत शस्त्रक्रिया होते. जादा चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढून स्तनाग्र वरच्या जागी आणले जाते. छेद स्तनाग्राभोवती आणि तेथून खाली सरळ रेषेत असतो. आकार फार मोठा असल्यास खालच्या घडीतही आडवा छेद घ्यावा लागतो आणि उलट्या 'टी'सारखा व्रण राहतो. काढलेली ऊती तपासणीसाठी पाठवली जाते. क्वचित त्यात लपलेला कर्करोग आढळतो, म्हणून हा अहवाल मागून घ्यावा.

घरी आल्यावर

बहुतेकींना एक रात्र रुग्णालयात राहावे लागते. जखमेतील स्राव बाहेर येण्यासाठी नळ्या ठेवल्या असल्यास त्या एक-दोन दिवसांत काढतात. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालण्यास सांगितले जाते. पहिले तीन-चार दिवस ठणका, ताण आणि सूज असते. पुढे साध्या गोळ्यांनी भागते. मानेवरचे आणि खांद्यांवरचे ओझे उतरल्याची जाणीव मात्र अनेकींना जखम दुखत असतानाच होते.

आधार देणारी, तारा नसलेली ब्रा रात्रंदिवस साधारण सहा आठवडे वापरावी लागते. झोपायचे ते पाठीवर, उशांचा आधार घेऊन. बैठे काम दोन आठवड्यांनी सुरू करता येते. आपल्याकडे खरी कसोटी घरातच लागते. पाण्याची बादली, गॅसचे सिलिंडर, भरलेला कुकर उचलणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, कणीक तिंबणे, स्कूटर स्टँडवर लावणे ही सारी कामे छातीच्या स्नायूंवर ताण आणणारी. चार ते सहा आठवडे ती दुसऱ्या कोणीतरी केली पाहिजेत. कडेवर घ्यायचे लहान मूल असेल तर त्याची व्यवस्था आधी लावावी. बसलेल्या आईच्या मांडीवर मूल कोणी आणून दिले तर चालते, तिने वाकून उचलणे चालत नाही. आणि हे सारे घरातल्या पुरुषांनाही शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगावे. 'चार दिवसांत उठशील' या अपेक्षेनेच टाके उसवतात. लोकलच्या गर्दीतला प्रवासही तोवर टाळलेला बरा.

जखमेवर हळद, तेल किंवा घरगुती लेप लावू नये. उलट्या 'टी'च्या सांध्याजवळची जखम भरण्यास उशीर होणे ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. नियमित ड्रेसिंगने ती बहुधा भरून येते. परंतु एक स्तन अचानक फुगून घट्ट होणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनाग्र काळसर किंवा निळसर पडणे, पोटरी दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

व्रण कायमचे असतात. पहिले काही महिने ते गडद आणि जाडसर दिसतात, वर्ष-दीड वर्षात फिकट होत जातात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची किंवा कीलॉइड वाढण्याची प्रवृत्ती अधिक असते. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर गाठ आली असल्यास ते आधी सांगावे. जखम पूर्ण भरल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकॉनचे जेल किंवा पट्टी वापरता येते. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. त्या आधीही नव्हत्या.

सूज ओसरून खरा आकार दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात. नवे ब्लाउज शिवायला टाकायचे ते त्यानंतर. पुढे कधी मॅमोग्राफी करावयाची झाल्यास या शस्त्रक्रियेची माहिती तेथील डॉक्टरांना आवर्जून द्यावी. आतील व्रण आणि कॅल्शियमचे कण चित्रात दिसतात आणि माहिती नसेल तर अकारण संशय निर्माण होतो. शस्त्रक्रियेचा कागद आणि ऊतीचा अहवाल त्यासाठी फाइलमध्ये एकत्र लावून ठेवावा.