संशोधकाची शिदोरी

रोगाचा इतिहास लिहितांना आपण औषधाचें नांव लिहितों, तें शोधून काढणाराचें नांव लिहितों. परंतु शोध लागेपर्यंतच्या वर्षांत त्याची प्रयोगशाळा कोणाच्या पैशावर चालली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंतील स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनाची हकीकत पाहूं गेल्यास मात्र हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

मेरी-क्लेअर किंग या विदुषींनीं १९७४ सालीं कॅलिफोर्नियांत या कामास हात घातला. कांहीं घराण्यांत आजी, आई, मावशी, मुलगी अशा एकीमागून एक या रोगास बळी पडतात, त्याअर्थीं त्याचें बीज आनुवंशिक असलें पाहिजे, हें त्यांचें अनुमान. तज्ज्ञांपैकीं पुष्कळांना तें पटेना. अखेर १९९० सालीं, सतराव्या गुणसूत्रावर त्या बीजाची जागा त्यांनीं दाखवून दिली. म्हणजे सोळा वर्षें! इतका काळ एकच प्रश्न धरून बसावयाचें तर चिकाटी हवी हें खरें. पण दर कांहीं वर्षांनीं कोणीतरी नवा पैसाही मंजूर करावयास हवा.

हा पैसा देणारी मुख्य संस्था म्हणजे सरकारी राष्ट्रीय आरोग्य संस्था. अर्ज करावा, जाणत्या शास्त्रज्ञांच्या समितीनें तो पारखावा, असा तिचा रिवाज. रिवाज चांगला, पण समिती पहिल्यानें विचारते ती गोष्ट ही, कीं या कल्पनेला प्राथमिक पुरावा काय? सावकार तारणावांचून कर्ज देत नाहीं, तसेंच हें. ज्यानें पूर्वीं काम केलें आहे त्याच्यापाशीं पुरावा असतो. नव्या माणसानें तो आणावा कोठून? पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरूं नये, असेंच त्याला सांगण्यासारखें झालें. या संस्थेचें पहिलें मोठें स्वतंत्र अनुदान मिळतांना संशोधकाचें सरासरी वय १९८० च्या सुमारास छत्तीसच्या आसपास होतें. पुढें तें बेचाळिशीपर्यंत गेलें.

अडचण नवख्यांचीच होती असेंही नाहीं. लॉस एंजेलिसचे डॉक्टर डेनिस स्लेमन यांनीं १९८७ सालीं १८९ स्त्रियांच्या गांठी तपासून असें दाखविलें, कीं त्यांपैकीं सुमारें ३० टक्के गांठींत 'हर-टू' नांवाच्या जनुकाच्या प्रती प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात, आणि अशा रुग्णांचा रोग अधिक वेगानें बळावतो. त्या जनुकाच्या प्रथिनाला रोखणारें औषध करावें, हें ओघानेंच आलें. परंतु नेहमींच्या मार्गानें या कामास पुरेसा पैसा मिळेना. स्लेमन यांनीं पूर्वीं दूरचित्रवाणीच्या एका अधिकाऱ्यावर दुसऱ्या एका कर्करोगासाठीं उपचार केले होते. त्यांच्या पत्नी लिली टार्टिकॉफ यांनीं उपकाराची फेड म्हणून रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या मालकाला गांठलें, आणि कंपनीनें २४ लाख डॉलर दिले. १९९८ सालीं हर्सेप्टिन हें औषध मान्य झालें. ओठांच्या रंगाच्या पैशांतून हें निघालें याचें कौतुक वाटतें, आणि थोडी भीतीही वाटते. कारण ती ओळख नसती तर?

याच सुमारास रुग्ण स्त्रियाच पुढें सरसावल्या. त्यांच्या देशांत दर वर्षीं ४०,००० हून अधिक स्त्रिया या रोगानें मरत होत्या. १९९१ सालीं त्यांनीं राष्ट्रीय संघटना उभारली, आणि त्याच वर्षीं सहा लाख पत्रें काँग्रेस व राष्ट्राध्यक्ष यांच्याकडे धाडलीं. पुढल्या वर्षीं त्यांनीं शास्त्रज्ञांनाच बोलावून विचारलें, कीं खरोखर उपयोगी पडेल असा किती पैसा तुम्हांस हवा? उत्तर आलें, आणखी ३० कोटी डॉलर.

आतां गंमत पाहा. १९९० च्या कायद्यानें संरक्षणखात्याचा पैसा उचलून इतर खात्यांकडे देण्यास जवळजवळ बंदीच होती. सिनेटर टॉम हार्किन यांचा तसा प्रयत्न फसला. तेव्हां त्यांनीं युक्ति काढली: पैसा लष्कराकडेच राहूं द्या, आणि संशोधनही लष्करच करवूं दे! अशा रीतीनें १९९३ च्या अंदाजपत्रकांत २१ कोटी डॉलर सैन्याच्या नांवें पडले. तोफा-रणगाड्यांच्या हिशेबांत स्त्रियांचा हा रोग येऊन बसला.

सैन्यानें शहाणपण केलें. आपणांस यांतलें कळत नाहीं हें ओळखून त्यानें इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या विद्वत्संस्थेचा सल्ला घेतला. त्यांतून जी व्यवस्था वाढली, ती माझ्या मतें या सर्व हकिकतीचा गाभा आहे. संशोधकाच्या आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांसाठीं निरनिराळी शिदोरी तिनें बांधून दिली. पदवीच्या वाटेवरील विद्यार्थ्यास विद्यावेतन. डॉक्टरेट झाल्यावर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेंत उमेदवारी करणारास शिष्यवृत्ति. नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा थाटलेल्या होतकरू शास्त्रज्ञास वेगळें अनुदान, म्हणजे मुरलेल्या मंडळींशीं त्याला झुंजावें लागूं नये. उलट नाणावलेल्या संशोधकास पैसा द्यावयाचा तो एका ठराविक प्रयोगासाठीं नव्हे, तर त्या माणसाच्या कल्पकतेवर विसंबून. आणि ज्या कल्पनेस अजून पुराव्याचा आधार नाहीं, तिच्यासाठीं खास अनुदान, ज्यांत प्राथमिक पुरावा मागावयाचा नाहीं. एका लहान अनुदानांत तर अर्जदाराचें नांवच परीक्षकांपासून झांकून ठेवीत.

१९९५ पासून परीक्षकांच्या समित्यांत या रोगांतून गेलेल्या स्त्रियांना शास्त्रज्ञांच्या बरोबरीनें मत देण्यांत आलें. पुष्कळ विद्वानांनीं नाकें मुरडलीं. प्रथिनाचें रसायन त्यांना काय समजणार? पण ज्या प्रश्नाचें उत्तर मिळून कोणाचेंच आयुष्य वाढणार नाहीं, तो प्रश्न ओळखण्यास रसायन लागतेंच असें नाहीं. मला अधिक वजनदार वाटतो तो दुसरा आक्षेप: ज्या रोगाचे रुग्ण सहा लाख पत्रें लिहूं शकत नाहींत, त्यांनीं काय करावें? त्याचें उत्तर अमेरिकेनें अंशतः दिलें आहे. पुढें लष्कराच्या याच छत्राखालीं इतर रोगांनाही जागा मिळाली.

आजवर या कार्यक्रमास चार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली आहे. परंतु लष्कर ती आपण होऊन मागत नाहीं. दर वर्षीं काँग्रेसनें ती अंदाजपत्रकांत नव्यानें घालावी लागते, आणि दर वर्षीं त्या संघटनेच्या स्त्रिया वॉशिंग्टनला जाऊन ती नव्यानें मागतात.