उपवासासारखा आहार

‘अमुक खाणे सोडले आणि आजार बरा झाला’ असे आपण पुष्कळदा ऐकतो. पालक विचारतात, “गुरुजी, हे खरे असेल का?” अशा वेळी काय सांगावे? एका आहाराचा इतिहास आम्हांला येथे उपयोगी वाटतो.

उपवासाने फेफरे थांबते, हे निरीक्षण फार जुने आहे. पण रोग्याला कायम उपाशी कसे ठेवणार? उपवासात ग्लुकोज कमी पडले की यकृत चरबीपासून कीटोन नावाची संयुगे बनवते आणि मेंदू ती इंधन म्हणून वापरतो. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवले, की आहारात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ नाममात्र ठेवले, तर जेवूनही कीटोन बनतील. हाच ‘कीटोजेनिक’, म्हणजे कीटोनजनक आहार. अनेक मुलांना त्याने गुण आला. पुढे १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आले. प्रत्येक घास तोलण्यापेक्षा गोळी सोपी! आहार मागे पडला.

त्याची पक्की परीक्षा झाली ती थेट २००८ मध्ये, लंडनला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट केले. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या ७३ पैकी २८ मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. आहार न देता नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या ७२ पैकी फक्त ४ मुलांचे.

फेफऱ्यावरचे व्हॅल्प्रोएट हे औषध उन्मादावरही चालते. मग हा आहार मनोविकारांवर चालेल का? १९६५ मध्ये अमेरिकेत छिन्नमनस्कता असलेल्या १० स्त्रियांना तो दोन आठवडे दिला. लक्षणे कमी झाली. पण इतर उपचारही चालूच होते. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशाच गंभीर मनोविकारांच्या २१ रुग्णांवरील चार महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांची औषधे चालू होती. वजन घटले, मनही सावरले. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

मग गुण कशाचा? आहाराचा, घटलेल्या वजनाचा, वरचेवर झालेल्या विचारपुशीचा, की आशेचा? हे मोठ्या तुलनात्मक प्रयोगांनीच ठरेल. तोवर पालकांना दोन गोष्टी सांगाव्यात : आशा खोटी नाही, पण मनाने औषध थांबवू नये आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा आहार सुरू करू नये.

आणि वर्गात विचारावे : त्या ७२ मुलांचा गट नसता, तर २८ या आकड्याला काय अर्थ उरला असता?