टॅक्सीत झोपणाऱ्या माणसाचा पत्ता कुठे शोधायचा?

गिरगावातली खोताची वाडी तुम्ही पाहिली असेल, निदान फोटोत तरी. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, दाराशी ओटा. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वस्ती सुरू झाली, ईस्ट इंडियन कुटुंबांनी इथे घरं बांधली, आणि एके काळी पासष्टच्या आसपास असलेली ही घरं आता तिसाच्या आत आली आहेत. एवढी माहिती ग्रंथालयात अर्धा तास बसलात तरी हाती लागते. घराचा इतिहास लिहिणं सोपं असतं असं नाही, पण घराला कागद असतात. विक्रीखत, मृत्युपत्र, नगरपालिकेची नोंद, अल्बममधला एखादा फोटो.

आता वाडीतून बाहेर मोठ्या रस्त्यावर या. आतल्या गल्ल्या अरुंद, म्हणून टॅक्स्या बाहेरच उभ्या असतात. रात्री एकच्या सुमाराला बघितलंत तर एखादीची काच चार बोटं खाली असते आणि मागच्या खिडकीतून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. हा माणूस बेकार नाही. त्याच्याकडे बॅज आहे, रोजचं काम आहे, गावाला पैसे जातात. फक्त रात्री परतायला खोली नाही. मुंबईत हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की त्याचाही इतिहास असेल हे आपल्याला सुचत नाही.

मलाही सुचलं नव्हतं. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत पहिलाच रकाना होता ‘पत्ता’. एका चालकाने तो वाचून विचारलं, “गाव का लिखूँ, या इधर का?” मी म्हटलं, इथला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने गाडीचा नंबर सांगितला. मी तेव्हा तो खोडून ‘लागू नाही’ असं लिहिलं. आज ती प्रश्नावली पाहिली की लाज वाटते. उत्तर बरोबर होतं, माझा रकाना चुकला होता.

तर पहिला प्रश्न: खोली का नाही? ‘गरिबी’ एवढं उत्तर लिहून पुढे जाऊ नका. मार्गदर्शक तिथेच लाल पेन उचलतील, आणि बरोबरच करतील. मुंबईत गरीब माणूस खोलीतही राहत आलाय. १९२१-२२ साली मुंबईच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली, तेव्हा १०० पैकी ९७ कुटुंबं एका खोलीत राहताना आढळली. एकटे आलेले गिरणी कामगार तर एका गाळ्यात दहा-पंधरा जण राहायचे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा व्हायचा, जेवण खाणावळीत. पाय पसरायला का होईना, पण जागा मिळत होती, कारण आधी आलेला गाववाला नव्याला आत घ्यायचा.

मग आला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. आत असलेल्या भाडेकरूला हा कायदा देवासारखा पावला. तो कशाला जागा सोडेल? जागा बदलली तर पगडी देऊन. गिरगावातल्या चाळींचं भाडं नाममात्र राहिलं आणि आत शिरायची किंमत मात्र वाढत गेली. त्यामुळे नंतरच्या दशकांत जो माणूस इथे टॅक्सी चालवायला आला, त्याला धंदा गिरगाव, चर्चगेट, फोर्टात मिळाला आणि खोली परवडायची ती पार उपनगराच्या टोकाला. गाडी घेऊन रोज तिथे जायचं म्हणजे इंधन आपलं आणि भाडं रिकामं. हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. गाडीत झोपणं हा मग हतबलतेइतकाच धंद्याचाही निर्णय वाटायला लागतो.

पण इथे एक मेख आहे, आणि ती माझ्या लक्षात बरीच उशिरा आली. दिवसाला एक चालक आणि रात्रीला दुसरा अशी गाडी चालत असेल, तर तिच्यात झोपणार कोण? गाळ्यात अंथरूण पाळीने वापरता यायचं, कारण काम दुसरीकडे होतं. टॅक्सीत काम आणि अंथरूण एकच. म्हणजे जो गाडीत झोपतो त्याच्या ताब्यात ती बहुधा चोवीस तास असणार. त्यामुळे मालकाशी त्याचा करार कसा होता, हा प्रश्न ‘तो कुठे झोपायचा’ या प्रश्नाच्या आधी विचारावा लागतो. शिवाय सगळे टॅक्सीवाले असे राहत नाहीत, हेही लक्षात ठेवा. तारिणी बेदी यांचं ‘मुंबई टॅक्सीमेन’ (२०२२) हे पुस्तक चिलिया समाजातल्या चालकांवर आहे. तिथे घर, कुटुंब, वस्ती आणि धंदा एकमेकांत गुंफलेले दिसतात.

कागद नसतील तर वस्तू वाचा. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. तिचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणून पुढची सीट सलग बाकासारखी. मधे काही आड येत नाही. गाडीची रुंदी बाहेरून मोजली तरी पाच फुटांपेक्षा कमी, म्हणजे आत गुडघे दुमडूनच झोपायचं. खिडकीतून बाहेर आलेल्या पायांचं कोडं इथे सुटतं! पुढे सीएनजी आला आणि डिकीतली बरीच जागा सिलिंडरने घेतली. गिऱ्हाइकाच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर गेल्या, हे आपण पाहतोच. चालकाची वळकटी, स्टोव्ह, सणाचे कपडे कुठे गेले, हे विचारून घ्यावं लागतं. पद्मिनीच्या जागी आलेल्या नव्या गाड्यांत पुढच्या दोन सीट वेगळ्या, मधे गियर आणि हँडब्रेक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रं हळवी झाली होती. त्या सीटवर रात्र काढणाऱ्याबद्दल माझ्या वाचनात आलेल्या मजकुरात फारसं काही नव्हतं.

आता सरकारी नोंदींकडे. १९३१ पर्यंतच्या जनगणना एका रात्रीत व्हायच्या, माणूस त्या रात्री जिथे सापडेल तिथे मोजायचा. आताच्या पद्धतीत बेघरांची मोजणी वेगळी, एका ठरलेल्या रात्री होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात १७.७ लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. बेघर कोण, याची व्याख्या मुद्दाम काढून वाचा. उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात, मंडपात, रेल्वेच्या फलाटावर इत्यादी ठिकाणी राहणारे. टॅक्सीचं नाव यादीत नाही. आपला माणूस त्या ‘इत्यादी’त आहे. किंवा नाही, प्रगणकाने काच ठोठावली का त्यावर ते अवलंबून. अमेरिकेतल्या बेघरांच्या वार्षिक मोजणीत गाडीत झोपणारा माणूस स्पष्टपणे गणला जातो. त्याने त्याला घर मिळतं असं नाही, पण संशोधकाला निदान आकडा मिळतो.

मुंबईत फुटपाथवाल्यांना एकदा तरी आवाज मिळाला. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ने भायखळा भागात फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणती केली. त्याच वर्षी १० जुलैला ओल्गा टेलिस खटल्यात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मान्य केलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ही माणसं कामाजवळ राहता यावं म्हणून फुटपाथवर राहतात. झोपड्या हटवायला मात्र न्यायालयाने परवानगी दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. टॅक्सीतल्या माणसाचाही युक्तिवाद हाच असता. पण त्याची झोपडी पाडावी लागत नाही. हवालदाराने बॉनेटवर काठी आपटली की तो किल्ली फिरवतो आणि पुढच्या गल्लीत जातो. नोटीस नाही, खटला नाही, म्हणून कागद नाही.

गंमत बघा, हाच माणूस दुसऱ्या कागदांवर भरपूर आहे. लायसन्स, बॅज, दंडाच्या पावत्या, गावी पाठवलेल्या मनिऑर्डरी. जानेवारी २०१० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या टॅक्सी परवान्यांसाठी मराठीचं ज्ञान आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य या अटी जाहीर केल्या. गदारोळ झाला, दुसऱ्या दिवशी भाषेची अट सैल झाली, आणि चर्चा सगळी भाषेवरच झाली. मला मात्र दुसऱ्या अटीत जास्त रस आहे. १५ वर्षं ज्याने रात्री गाडीत काढल्या, तो वास्तव्याचा पुरावा म्हणून काय दाखवणार? बहुतेक कुणा गाववाल्याच्या खोलीचा पत्ता. तेव्हा अशा कागदांवर चाळीतला खोली नंबर दिसला, की ‘राहणार’ या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. तो पत्ता टपालाचा असू शकतो.

माझ्या नव्या प्रश्नावलीत आता तीन रकाने आहेत: पत्र कुठे येतं, सामान कुठे असतं, काल रात्री कुठे झोपलात. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आली तर मी ती तशीच लिहून ठेवते. तुम्हाला यात चौथा रकाना सुचत असेल तर कळवा. आंघोळ कुठे करता, हा घालावा का, यावर आमचं मार्गदर्शकांशी अजून एकमत झालेलं नाही.