तेरावा भाग आणि मोडलेला पाय

सुट्टीत नातू आला की माझ्या दुपारच्या झोपेचे खोबरे होते. गेल्या मे महिन्यात त्याने मला एक जुनी जपानी मालिका पाहायला बसवले. नाव 'कामेन रायडर', म्हणजे मुखवटेवाला स्वार. १९७१ सालची. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे पळत होती. ती वाचता वाचता चित्र निसटायचे, चित्र पाहावे तर अक्षरे निसटायची. तरी पहिले आठ भाग मी मनापासून पाहिले, हे कबूल करतो.

गोष्ट पोरांची असली तरी पोरकट नाही. होंगो ताकेशी नावाचा हुशार, मोटारसायकलवेडा तरुण. 'शॉकर' नावाची गुप्त टोळी त्याला पळवून नेते आणि त्याचे शरीर बदलून नाकतोड्याची शक्ती असलेला यंत्रमानव बनवते. मेंदू धुण्याआधीच तो एका शास्त्रज्ञाच्या मदतीने निसटतो. त्या शास्त्रज्ञाचा खून होतो आणि त्याची मुलगी रुरिको होंगोलाच खुनी समजते. म्हणजे ज्यांनी त्याला घडवले त्यांच्याशीच त्याला लढायचे आहे, आणि लढून जिंकला तरी तो पुन्हा साधा माणूस होणार नाही. मूळ कल्पना चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी यांची, निर्मिती तोएई कंपनीची. सुरुवातीचे भाग अंधारे, भुताच्या गोष्टीसारखे. मला तो अंधार आवडला.

मग आला नववा भाग आणि गाडी घसरली. नवव्यात एक नागमानव मरतो, दहाव्यात तोच पुन्हा जिवंत होऊन येतो. अकराव्यात नवऱ्या मुलींचे रक्त पिणारा गिधाडासारखा राक्षस, बाराव्यात पालीचा, तेराव्यात सरड्याचा. राक्षस कसेही असोत, माझी तक्रार नायकाबद्दल होती. होंगो जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो आधीच्या भागांतल्या तुकड्यांत, आणि आवाज भलत्याचाच! मुखवटा चढवलेला स्वार तेवढा उड्या मारतो. अकराव्यात अचानक ताकी नावाचा एक अमेरिकन गुप्तहेर संस्थेचा माणूस उगवतो आणि नायकाची निम्मी कामे करू लागतो. तेराव्यात तर कमाल आहे. आधी मेलेले राक्षस घोळक्याने परत येतात. एकेकट्याने अर्धा तास स्वाराला झुंजवणारे हे गडी इथे फारसे काही न करता एकत्र संपतात. जुने कपडे कपाटातून काढून एकदम वाळत घातल्यासारखे वाटते.

मी नातवाला म्हटले, "हे म्हणजे ऑफ तास आहेत रे. मास्तर आलेले नाहीत, कोणीतरी वर्ग सांभाळतंय."

तो हसला आणि म्हणाला, "आजोबा, मास्तर खरंच दवाखान्यात होते."

झाले होते ते असे. होंगोचे काम करणारा हिरोशी फुजिओका हा नट सुरुवातीला मुखवट्याच्या आतही स्वतःच असे आणि मोटारसायकलही स्वतःच चालवी. नवव्या-दहाव्या भागाचे चित्रीकरण चालू असताना त्याला अपघात झाला आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. मालिकेचे प्रसारण ३ एप्रिल १९७१ ला सुरू झाले, तेव्हा नायक अंथरुणात होता. दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला एक भाग द्यायचाच होता. पहिल्या भागाला ओसाकाच्या बाजूला चांगला प्रेक्षक मिळाला, २०.८ टक्के, पण टोकियोच्या बाजूला जेमतेम ८.१. नवी मालिका, लंगडी सुरुवात आणि नायक प्लास्टरमध्ये.

मार्ग दोन होते. होंगोला कथेत मारून टाकायचे, किंवा दुसरा कोणीतरी आणायचा. मारून टाकावे असाही विचार पुढे आला होता. निर्माते तोरू हिरायामा यांनी तो मानला नाही; मुलांचे स्वप्न मोडू नये, ही त्यांची भूमिका. (इशिनोमोरींनी स्वतःच्या चित्रकथेत मात्र होंगोला मारले. कागदावर त्यांना ते जमले, पडद्यावर नाही.) तेव्हा ठरले असे, की होंगो शॉकरशी लढायला युरोपला गेला आणि इथे दुसरा स्वार आला. पण नवा नट मिळेपर्यंत तीन भाग कशाने भरायचे? जुन्या तुकड्यांनी, उसन्या आवाजाने आणि ताकीने. मी ज्यांना नावे ठेवली ते हेच तीन भाग.

इतिहासाच्या पेपरात 'कारणे द्या' हा प्रश्न मी वर्षानुवर्षे घातला. आणि मुले दरवर्षी एक चूक करीत: कारण दिले की कृत्याचे समर्थन झाले असे त्यांना वाटे. तसे नसते. नटाचा पाय मोडला म्हणून तेरावा भाग चांगला ठरत नाही. तो वाईटच आहे. पण तो आळसाने वाईट झालेला नाही, हे कळल्यावर मी तो पुन्हा पाहिला, आणि आता मला डोंबाऱ्याची दोरी दिसली. कोणता तुकडा कुठून उचलला, कुठे मुखवटा लवकर चढवला, कुठे ताकीला पुढे ढकलले. माणसे हातातल्या चार चिंध्यांची गोधडी शिवत होती.

इथे एक जुनी गोष्ट आठवली. सहामाहीच्या एका उत्तरपत्रिकेत एका मुलाचे अक्षर इतके गचाळ होते की मी अक्षराचे सगळे गुण कापले आणि वर लाल शेरा मारला. पेपर वाटताना पाहिले तर उजवा हात गळ्यात बांधलेला. पोराने सगळा पेपर डाव्या हाताने लिहिला होता. अक्षर वाईटच होते, गुण मी आजही फारसे वाढवणार नाही. पण तो शेरा लिहायला नको होता.

३ जुलै १९७१ च्या चौदाव्या भागात दुसरा स्वार आला, इचिमोंजी हायातो. नट ताकेशी सासाकी, फुजिओकाचा नाट्यसंस्थेतला सोबती. तो बरा होईपर्यंतच काम करीन, अशी त्याची अट. त्याच्याकडे मोटारसायकलचा परवाना नव्हता असे सांगतात. होंगोचे रूप बदले ते गाडीच्या वेगाने पट्ट्यात वारा भरून. इथे गाडीच नाही! म्हणून उभ्या उभ्या हात फिरवून रूप बदलण्याची एक लकब काढली. चित्रणही उजळ केले, पोशाखावर अंधारात उठून दिसणारे पांढुरके पट्टे आले. आणि जपानमधली पोरे वेडी झाली. गल्लोगल्ली हातवारे सुरू झाले. पुढे काल्बी कंपनीच्या खाऊच्या पुड्यांबरोबर स्वाराची चित्रे मिळू लागली, तेव्हा मुले चित्र ठेवून खाऊ फेकून देऊ लागली आणि पालक-शिक्षक हैराण झाले. मालिका फेब्रुवारी १९७३ पर्यंत, ९८ भाग चालली. १ जानेवारी १९७२ ला चाळिसाव्या भागात फुजिओका पाहुणा म्हणून परतला आणि एप्रिलमध्ये त्रेपन्नाव्यापासून पुन्हा कायमचा रुजू झाला. सासाकीने जागा सोडली. शब्द पाळणारा माणूस.

सगळे गोड झाले म्हणायचे का? मला नाही वाटत. तेराव्या भागानंतर रुरिको नाहीशी होते. तीही होंगोमागे युरोपला गेली, एवढ्या एका वाक्यावर तिची बोळवण. बापाच्या मृत्यूचे दुःख, होंगोबद्दलचा संशय, मग विश्वास, हे सगळे धागे लोंबकळतच राहिले. आणि पहिल्या आठ भागांतला तो अंधारही गेला. उजेड आला, यश आले, पण आपल्या शरीराला घाबरणारा तो एकटा तरुण मागे पडला. २०२३ साली हिदेआकी आन्नो यांनी 'शिन कामेन रायडर' हा चित्रपट काढला. त्यात रुरिको मध्यभागी आहे. बावन्न वर्षांनी कोणीतरी तिची चौकशी केली, याचे मला बरे वाटले.

"मग तेराव्याला किती मार्क?" नातवाने विचारले.

"पस्तीस," मी म्हटले. "काठावर पास. पण शेरा नाही."

असो. त्याने चौदावा भाग लावला. नव्या नायकाने हात उचलण्याआधीच आमचे चिरंजीव पलंगावर उभे राहून हात फिरवत होते, आणि स्वयंपाकघरातून त्याची आजी ओरडत होती की पलंग मोडेल.