दूध आणि घास : सहाव्या महिन्यानंतरची गोष्ट

पवनी तालुक्यातल्या कोंढ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज बोलायचे आहे ते लहान लेकराच्या वाटीबद्दल. सहा महिने झाले की लेकराला दूध किती द्यायचे आणि अन्न किती?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो मागच्या रोवणीत. आमच्या गटातल्या एका ताईचे लेकरू आठ महिन्यांचे होते. ताई सकाळी सातला बांधीत उतरायची, ती दिवस मावळताना घरी यायची. दिवसभर आजी लेकराला भाताची पेज पाजायची, आणि पाणी घातलेले गाईचे दूध. अंगणवाडीत वजन केले, तर दोन महिन्यांत काटा हललाच नव्हता. ताई म्हणाली, "दूध सुरू आहे, पेज सुरू आहे, मग चुकलं कुठं?" आजीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने तर स्वतःच्या पाचही लेकरांना असेच वाढवले होते. आम्ही मग ठरवले, आजीला दोष देण्याआधी ही रीत आली कुठून ते बघू. वाचत गेलो, विचारत गेलो. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, सहावा महिना हा काही सरकारने शोधून काढलेला नाही. जुन्या गृह्यसूत्रांत अन्नप्राशनाचा संस्कार सहाव्या महिन्यात सांगितला आहे. बालकांच्या आरोग्यावरच्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्याच्या सुमारास अन्न, असा क्रम आहे. आपल्याकडे त्यालाच उष्टावण म्हणतात. मामाच्या मांडीवर बसवून लेकराला खीर चाटवायची, पाहुण्यांना जेवण द्यायचे. पण उष्टावणाच्या दिवशी आईचे दूध तोडा, असे कुणी सांगितले नव्हते. त्या दिवशी घास सुरू होतो आणि दूध चालूच राहते. हे दोन्ही एकत्र चालवणे हीच खरी कसरत आहे, आणि त्यासाठी घरात कुणाचा तरी वेळ लागतो.

तो वेळ बाईच्या हातून निसटला तेव्हा काय झाले, हे मुंबईच्या गिरण्यांत दिसते. शंभर वर्षांपूर्वी कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो बाया गिरणीत कामाला जात. तान्हे लेकरू चाळीतल्या खोलीत. ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी चाटवत. १९२२ साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी सरकारसाठी या बायांची पाहणी केली. कामकरी बायांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. अफूने झोपलेले लेकरू भूक लागली तरी मागत नाही. १९२१ मध्ये मुंबईत नोंदवलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बाळे वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ जन्म नोंदलेच जात नव्हते, म्हणून हा आकडा फुगलेला आहे असे जाणकार सांगतात. तरी वाचताना अंगावर काटा येतो. त्या आया निर्दय नव्हत्या. भोंगा वाजला की त्यांना जावेच लागत होते.

यातूनच बाळंतपणाच्या पगारी रजेची मागणी उभी राहिली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. देशातला असा तो पहिला. पुढे १९६१ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा आला, आणि २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. नोकरीतल्या बाईला निव्वळ अंगावरच्या दुधाचा काळ कायद्याने मिळाला. रोवणीच्या बाईला मात्र बांधीत रजा नाही. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. पण आषाढ-श्रावणातली मजुरी कुणाच्याच योजनेत बसत नाही.

आता पेजेकडे येऊ. डॉ. सिसिली विल्यम्स नावाची एक डॉक्टरीण आफ्रिकेत, आजच्या घाना देशात काम करत होती. तिथे दीड-दोन वर्षांची लेकरे तिच्याकडे यायची, पाय सुजलेली, केस भुरे झालेली. १९३३ साली तिने या आजाराविषयी लिहिले. तिथल्या बाया त्याला क्वाशिओरकोर म्हणत. त्याचा अर्थ, पाठचे भावंड आल्यावर जागा गेलेल्या लेकराचा आजार. लेकराला दुधावरून उठवायचे आणि त्याच्या वाटीत नुसती मक्याची लापशी. पोट भरायचे, अंग भरायचे नाही. हे वाचले तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितले. मक्याच्या जागी भात ठेवला तर ते आपलेच गाव.

याच डॉक्टरीणबाईने १९३९ मध्ये सिंगापूरला भाषण केले आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करणाऱ्यांवर बाळांच्या मरणाचा आरोप ठेवला. पण डबे थांबले नाहीत. आपल्याकडेही १९६० च्या सुमारास आणंदला म्हशीच्या दुधापासून बाळांची भुकटी तयार होऊ लागली. बाहेरून येणारे डबे कमी झाले, हा देशाचा फायदा. पण डब्यावरचे गुबगुबीत बाळ बघून आयांना वाटू लागले की आपले दूध हलके आहे. शेवटी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध नियमावली केली आणि १९९२ मध्ये आपल्या देशाने कायदा केला. त्या कायद्यात वरचे अन्न चार महिन्यांनंतर असे होते. २००३ च्या दुरुस्तीत ते सहा महिने झाले. म्हणून आपल्या सासूबाई "चौथ्या महिन्यात सुरू करा" म्हणतात तेव्हा त्या मनचे सांगत नसतात. त्यांना त्या वेळच्या नर्सबाईंनी तेच सांगितले होते.

अंगणवाडी आली २ ऑक्टोबर १९७५ ला. आपल्या राज्यात ती सुरुवातीला जिथे आली, त्यांत मेळघाटातले धारणी होते. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले, आणि लेकराचे पहिले दोन वर्षे महत्त्वाचे यावर जोर आला. २००५-०६ मध्ये राज्यातली दोन वर्षांखालची १०० पैकी ३९ लेकरे वयाच्या मानाने बुटकी होती, २०१२ च्या पाहणीत ती २३ वर आली. म्हणजे सुधारणा होते, हे नक्की. पण अजूनही देशात सहा महिने ते दोन वर्षांच्या १०० लेकरांपैकी साधारण ११ जणांनाच पुरेसा आहार मिळतो, असे २०१९-२१ ची पाहणी सांगते.

बचत गटांचाही यात भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावच्या बायांचे गट हवेत. तीन वर्षांखालच्या लेकराला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, असे २००९ मध्ये ठरले. तरी मोठे ठेके सुटलेच. २०१९ मध्ये आपल्या राज्यातल्या बचत गटांनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेतले. पण पाकीट घरी आले की त्याचा शिरा होतो आणि साऱ्या घरात वाटला जातो. लेकराच्या वाटीला दोन चमचे. हे आम्ही आमच्याच घरांत बघितले आहे.

मग दूध किती आणि घास किती? जाणकारांचा हिशेब असा. सहा ते आठ महिन्यांत लेकराला दिवसाला साधारण ६०० उष्मांक लागतात, त्यातले २०० वरच्या अन्नातून. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० अन्नातून. वर्षानंतर ५५०. म्हणजे वर्षापर्यंत निम्म्याहून जास्त भार आईच्या दुधावर, त्यानंतरही तिसरा हिस्सा. पण दुधात लोह अगदी कमी, आणि पोटातून आणलेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. म्हणून नुसत्या दुधावर ठेवलेले लेकरू फिके पडते, आणि नुसत्या पेजेवर ठेवलेले सुकते.

त्या ताईच्या घरी चूक एवढीच होती, की पेज पातळ होती. लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे. ते पाण्याने भरले तर घासाला जागा कुठे? आता आजी मऊ भात आणि मुगाचे वरण कालवते, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट. वर थोडे तेल किंवा तूप. कधी कोहळे, कधी मुनग्याचा पाला, कधी अंडे. पीठ शिजवायचे असेल तर त्यात मोड आणून वाळवलेल्या धान्याचे चमचाभर पीठ घालते. त्याने घट्ट लापशी पाणी न घालता सैल होते. १९८० च्या दशकात बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी हे तपासून दाखवले. आजीला सांगितले तर ती हसली. म्हणाली, "आम्ही नाचणीचं सत्त्व असंच करत होतो की!" ज्या लेकराला आईचे दूध मिळतच नाही, त्याचे मात्र दवाखान्यात विचारूनच ठरवा.

घट्ट घास भरवायला वेळ लागतो. पेज बाटलीने पाजून मोकळे होता येते, घास भरवताना बसावे लागते. म्हणून यंदा आमच्या रोवणीच्या टोळीने एक ठरवले आहे. दहा जणींत रोज एक जण पाळीने बांधावरच्या झाडाखाली लेकरांजवळ बसेल. तिची मजुरी बाकीच्या नऊ जणी भरून काढतील. आणि लेकुरवाळीला दुपारी दोनदा पाजायला वर येऊ द्यायचे. ठरवताना थोडी कुरकुर झाली. "आमच्या वेळी कुणी बसलं होतं का?" असे एका मावशीने विचारले. मग तीच म्हणाली, "पहिल्या दिवशी मी बसते."

त्या लेकराने आता वजनाची रेघ धरली आहे. तुमच्या टोळीत कोण बसते, आम्हाला कळवा.