शेष कृष्ण आणि शब्दप्रामाण्याचा वाद

शब्दाचे साधुत्व नियमाने ठरावे की रूढीने, हा प्रश्न कोणत्याही एका देशाचा नाही. रोममधील वार्रो (इ. स. पू. ११६–२७) याने लॅटिन भाषेवर २५ खंडांचा ग्रंथ रचला व लॅटिन शब्दांची व्युत्पत्ती सांगताना प्रसंगी ग्रीक शब्दांचाही आधार घेतला. आठव्या खंडात नियमाविरुद्धचा व नवव्यात नियमाच्या बाजूचा पक्ष मांडून दहाव्यात त्याने स्वमत दिले. विभक्तिरूपांत नियम प्रबळ असतो, तर नवे शब्द घडविण्यात लोकांची इच्छा प्रबळ असते, असा त्याचा विवेक होता. आज ५ ते १० एवढेच खंड, तेही काही अंशी खंडित, उपलब्ध आहेत.

याच जातीचा वाद सोळाव्या-सतराव्या शतकांत काशीस रंगला. त्याच्या केंद्रस्थानी असलेले शेष घराणे मूळचे गोदातीरावरील नांदेडचे मानले जाते. या घराण्यातील नृसिंहपुत्र कृष्ण याने रामचंद्राच्या ‘प्रक्रियाकौमुदी’वर ‘प्रक्रियाप्रकाश’ ही टीका लिहिली. ‘प्राकृतचंद्रिका’ हा प्राकृत व्याकरणाचा ग्रंथही त्याच्या नावावर आहे. भट्टोजी दीक्षित हा त्याचाच शिष्य.

रामचंद्राच्या परंपरेने पाणिनीयेतर व्याकरणांचीही मते काही ठिकाणी स्वीकारली होती. भट्टोजीस हे मान्य नव्हते. पाणिनी, कात्यायन व पतंजली या मुनित्रयाचेच प्रामाण्य त्याने आग्रहाने प्रतिपादिले आणि ‘प्रौढमनोरमे’त गुरूच्या मतांचे खंडन केले. कृष्णाचा पुत्र वीरेश्वर याचा शिष्य जगन्नाथ पंडित याने त्यावर प्रतिखंडन लिहून भट्टोजीवर गुरुद्रोहाचा ठपका ठेवला.

वादाचा निकाल मात्र पाठशाळांनी दिला. ‘सिद्धांतकौमुदी’ सर्वत्र रूढ झाली व ‘प्रक्रियाप्रकाश’ मागे पडला. परिणामी पुढील अभ्यासकांस शेष कृष्णाचे मत बहुधा त्याच्या प्रतिपक्षाच्या मुखातूनच कळत आले. जगन्नाथाच्या रोषामागे घराण्याचा अभिमान असेल. परंतु मूळ प्रश्न शास्त्रीयच होता. प्रमाण ग्रंथांची संख्या मर्यादित केल्याने शास्त्रास एकसूत्रता येते. त्याचबरोबर प्रयोगांची विविधता दृष्टिआड होते. वार्रोने दोन्ही पक्ष एकाच ग्रंथात ठेवले. काशीत ते दोन ग्रंथांत विभागले गेले. म्हणून ‘मनोरमा’ वाचणाऱ्याने ‘प्रकाश’ समोर ठेवणे, हा कृतज्ञतेचा नव्हे, तर पद्धतीचा प्रश्न होय.